फ्रिजमध्ये ठेवलेली नळी

गोपिका रामटेके नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली ती काचेच्या नळ्या धुवायला. त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा तिची बारावी फिजिक्समध्ये अडकलेली होती आणि लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. हात पाण्यात असायचे, पण डोळे मशीनकडे. या नळीचं झाकण लाल अन् त्या नळीचं जांभळं, ते काहून? हे रक्त गोठतं, ते गोठत नाही, ते काहून? विचारून विचारून तिनं सगळ्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा लॅबच्या डॉ. नंदिनी खापरे तिला म्हणाल्या, की एवढं विचारतेस तर रीतसर शिकून तरी घे. गोपिकानं ते मनावर घेतलं. फिजिक्स सोडवलं, मुलगी चार वर्षांची असताना डिप्लोमा केला, आणि नळ्या धुणारी बाई नळ्यांत रक्त भरणारी झाली. लॅबमधली पोरं तिला पाठीमागे 'काहूनबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून तिच्या घरात एक शिकवण चालत आली होती, की समजल्याशिवाय मान डोलवायची नाही.

शीर शोधण्यात तिचा हात धरणारं लॅबमध्ये कुणी नव्हतं. अंगानं भरलेल्या माणसाची शीर खोल दडलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. गोपिका दोन बोटांनी चाचपायची आणि सुई बरोबर जागेवर जायची. ती स्वतः अठ्ठ्याहत्तर किलोंची होती. जरीपटक्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा जिना चढताना मध्ये एकदा थांबायची. लिंबूपाणी झालं, दुधीचा रस झाला, रात्रीचा भात सोडून झाला; काटा हलला नाही. चरबी म्हणजे नको असताना अंगाला चिकटलेली वस्तू, यापलीकडे तिनं त्या बाबतीत कधी विचार केला नव्हता. एवढ्या चौकस बाईला हा एक प्रश्न कधी पडलाच नव्हता.

मार्चच्या सुरुवातीला उमरेडहून पहिल्या एसटीनं एक मायलेकीची जोडी लॅबमध्ये आली. आई कामिनी धकाते, चाळिशीची, हातमागावर साड्यांचे काठ विणणारी. मुलगी रोशनी, एकोणीस वर्षांची. मुलीचं पोट सुटलं होतं आणि गावच्या डॉक्टरांना तिची साखर जास्त सापडली होती, म्हणून त्यांनी उपाशीपोटी सगळ्या तपासण्या लिहून दिल्या होत्या.

रोशनीनं बाही वर केली आणि गोपिका पाहतच राहिली. मुलीचा दंड एखाद्या पहिलवानासारखा पीळदार होता. शिरा कातडीवर दोरीसारख्या उमटलेल्या. पट्टा बांधायचीसुद्धा गरज नव्हती. गाल मात्र आत गेलेले, आणि मानेवरची कातडी काळवंडून मखमलीसारखी झालेली. गोपिकानं साखरेसाठी बोट टोचायला तिचा हात हातात घेतला, तर तळवा गुबगुबीत लागला. बाकी सगळा हात हाडं आणि स्नायूंचा, आणि तळवा तेवढा गादीसारखा. ते तिच्या मनात कुठेतरी नोंदलं गेलं; पण बाहेर वीस माणसं बसलेली होती, तिनं पुढचं नाव पुकारलं.

अर्ध्या तासानं तिनं मशीनमध्ये फिरवलेल्या नळ्या बाहेर काढल्या. नळी अशी गरगर फिरवली की लाल रक्त तळाशी बसतं आणि वर सीरम राहतं, गव्हाच्या काडीच्या रंगाचं, आरपार दिसणारं. रोशनीच्या नळीत वर दूध होतं. म्हणजे दुधासारखं पांढरं, दाट, पलीकडचं बोटही दिसू नये असं.

असं सीरम गोपिकानं पूर्वी पाहिलं होतं. चमचमीत खाऊन आलेल्या माणसाचं रक्त थोडं गढूळ दिसतं, कारण जेवणातलं तेल-तूप काही तास रक्तातून फिरत असतं. इतकं पांढरं तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण कारण तेच असणार असं धरून ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर रोशनीला म्हणाली, की उपाशी ये म्हणून सांगितलं तर खाऊन कशाला आलीस, मशीन असलं रक्त वाचत नाही, आता पुन्हा ये. कामिनीनं मुलीकडे असं पाहिलं, की हे घरी नेहमीचंच असावं.

आठवड्यानं त्या पुन्हा आल्या. कामिनीनं आल्या आल्या सांगितलं, की काल संध्याकाळपासून पोरीला नजरेआड होऊ दिलं नाही. भाकरीच्या डब्याला कुलूप घातलं होतं. ते तर ती रोजच घालते, कारण ही पोरगी जेवून उठली की तासाभरात परत डबा उघडते, लहानपणापासून तेच. घरात चौघं, आणि चौघांचं अन्न एकटीला पुरत नाही. तरी अंगाला काही लागत नाही. गल्लीतल्या बाया म्हणतात, की आई पोरीला उपाशी ठेवते.

रक्त काढलं, फिरवलं. पुन्हा दूध.

काउंटरवरचा विक्की हसला आणि म्हणाला, की एसटी स्टँडवर समोसा हाणला असणार. पण या वेळी गोपिकाला ते पटलं नाही. ती नळी प्रकाशात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग सरळ डॉ. नंदिनींच्या खोलीत गेली.

"मॅडम, पोरगी खोटं नाही बोलून राहिली. माय तिच्या बाजूलेच झोपली होती. मंग हे पांढरं आलं कुठून?"

डॉ. नंदिनींनी चष्मा काढला, नळी पाहिली आणि त्यांना त्यांच्या शिकण्याच्या दिवसांतली एक जुनी रीत आठवली. आता मशीनच्या जमान्यात ती कुणी करत नाही. त्या म्हणाल्या, ही नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेव, हलवू नकोस. जेवणातून आलेल्या चरबीचे कण मोठे आणि हलके असतात; ते दुधावरच्या सायीसारखे वर येतात आणि खालचं सीरम स्वच्छ होतं. पण शरीर स्वतःही चरबी बनवतं. जास्तीची साखर लिव्हरमध्ये जाते आणि लिव्हर तिची चरबी करून रक्तात सोडतं. ते कण बारीक असतात. ते वर येत नाहीत, आहेत तिथेच राहतात.

आपलं शरीर साखरेची चरबी करतं हे गोपिकानं डिप्लोमाच्या पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. खरं म्हणजे तिनं ते पाठ केलं होतं, एवढंच. आज पहिल्यांदा तिला ते कळल्यासारखं वाटलं. तिनं नळी फ्रिजमध्ये ठेवली. आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिनं लॅबमधल्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून स्वतःचं रक्त काढून घेतलं, फिरवलं, आणि रोशनीची नळी बाहेर काढून दोन्ही शेजारी उभ्या केल्या.

रोशनीच्या नळीत वर सायीचा पातळ थर आला होता. पण त्या खालचं सगळं तसंच पांढरंफेक होतं. बाजूची गोपिकाची नळी काडीच्या रंगाची, आरपार. तिच्यातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं.

गोपिका स्टुलावर बसली. चरबी आपल्या अंगावर, पोटावर, दंडांवर, आणि आपलं रक्त स्वच्छ. त्या पोरीच्या अंगावर चिमटीत धरायला चरबी नाही, आणि तिचं रक्त चरबीनं पांढरं. तिला वाटलं, आपण आजवर ही गोष्ट उलटीच धरून चाललो होतो.

डॉ. नंदिनी नळी पाहून खुर्चीतून उठल्या. वरच्या सायीबद्दल कुणी वाद घालील, पण खालचं पांढरं समोशानं येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी सीरम पातळ करून मशीनवर चढवायला लावलं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली ही चरबी, दीडशेच्या आत असावी. रोशनीची एकवीसशे होती. इतक्यावर स्वादुपिंडाला कधीही सूज येऊन माणसाच्या जिवावर बेतू शकतं. त्यांनी तिथल्या तिथे जवळच राहणाऱ्या हॉर्मोनच्या डॉक्टरांना, डॉ. सुशील हरणेंना फोन लावला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळची वेळ दिली.

मायलेकींना नागपुरात मुक्कामाला जागा नव्हती. गोपिकानं फोनवर सांगितलं, की संध्याकाळच्या गाडीनं निघा आणि माझ्याकडे उतरा. डॉ. हरणेंनी फोनवरच तेल-तूप अजिबात द्यायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून तिनं मुगाचं बिनफोडणीचं वरण, भाजलेल्या वांग्याचं कोरडं भरीत आणि ज्वारीच्या भाकरी केल्या. नवरा बळीराम स्कूलव्हॅन चालवून लवकर घरी आला होता. तो भाकरी थापायला बसला, ती शेकत होती.

रोशनी जेवायला बसली. तिसऱ्या भाकरीनंतर कामिनीनं तिच्या हातावर हात ठेवला, गोपिकानं तो हळूच बाजूला केला. सात भाकरी झाल्या. रोशनीचे डोळे अजून टोपल्याकडे होते.

"भरलं का वं पोट?" गोपिकानं विचारलं.

"पोट भरलं, मावशी," रोशनी म्हणाली. "भूक नाही गेली."

पोट भरणं आणि भूक जाणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे गोपिकाला आजवर सुचलं नव्हतं. मग भूक असते कुठे? आणि जाते ती कुणाच्या सांगण्यावरून? तिला खूप विचारायचं होतं. पण त्याआधी एक गोष्ट राहिली होती, आणि ती गेले दोन दिवस तिला टोचत होती. ती रोशनीसमोर बसली.

"त्या दिवशी चारचौघांत मी तुले खोटी ठरवलं. माही चूक झाली, पोरी."

रोशनीनं ताटातलं भरीत बोटानं गोळा केलं. मग ती म्हणाली, "सगळेच ठरवतात. परत कोणी पाहत नाही. तुमी पाह्यलं." कामिनी उठून बाल्कनीत गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी गोपिका अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर गेली. डॉ. हरणे मोजकं बोलणारे होते. त्यांनी रोशनीला तपासलं, पोटावर बोटं ठेवून वाढलेलं लिव्हर मापलं, मानेची कातडी पाहिली. दंडावरची, मांडीवरची कातडी चिमटीत धरून पाहिली, कागदासारखी पातळ. त्यांनी कामिनीला विचारलं, की तुमचं आणि तुमच्या मालकांचं लग्नाआधीचं काही नातं होतं का. कामिनी म्हणाली, मला सख्ख्या आतेच्या घरीच दिली. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

गोपिकाला राहवलं नाही. तिनं विचारलं, "सर, एक सांगू? हिच्या सगळ्या अंगात कुठंच मऊपण नाही. पण तळवे गादीवानी आहेत. ते काहून?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रोशनीचे दोन्ही तळहात दाबून पाहिले, चपला काढायला लावून तळपाय पाहिले. मग गोपिकाकडे वळून त्यांनी विचारलं, की तुम्ही डॉक्टर आहात का. ती म्हणाली, मी रक्त काढते.

मग ते सावकाश सांगू लागले, आणि गोपिका आयुष्यात कधी ऐकलं नसेल इतकं कान देऊन ऐकत राहिली. रोशनीला जन्मापासूनच चरबी साठवता येत नाही. बाकी सगळ्यांच्या अंगात चरबीच्या पेशी असतात. आपण जेवलो की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि इन्सुलिन त्या पेशींना सांगतं, की साठवा. उपाशी राहिलो की इन्सुलिन उतरतं आणि त्याच पेशी साठा मोकळा करतात. त्यावर अंग चालतं. हे दिवसरात्र चालू असतं. रोशनीच्या अंगात ती साठवणच नाही. मग खाल्लेली चरबी आणि लिव्हरनं साखरेपासून केलेली चरबी जाणार कुठे? ती रक्तात फिरते, लिव्हरमध्ये जाऊन बसते, स्नायूंत शिरते. त्या गर्दीत इन्सुलिनचं कुणी ऐकत नाही, म्हणून साखर वाढते. तळव्यांची चरबी वेगळी. ती साठवणीची नाही, दाब सोसण्याची. ती घेत नाही आणि देतही नाही. या आजाराच्या एका प्रकारात तेवढी शिल्लक राहते, आणि त्यावरून कोणता प्रकार असेल याचा अंदाज येतो.

भुकेबद्दलही त्यांनी सांगितलं. चरबी मुकी नसते. साठा किती आहे याचा निरोप ती एका हॉर्मोनच्या हाती मेंदूला सतत पाठवत असते. साठा आहे असं कळलं की मेंदू भूक आवरतो. रोशनीकडून निरोप पाठवणारंच कुणी नाही. तिच्या मेंदूला एकोणीस वर्षं वाटतं आहे, की दुष्काळ पडला आहे.

कामिनीला यातलं किती कळलं याची गोपिकाला शंका होती. बाहेर बाकावर बसून तिनं तिला पुन्हा सांगितलं. "कळमन्याच्या मार्केटात माल आला समजा, अन् एकही गोडाऊन नाही. मंग पोते कुठं ठेवतीन? रस्त्यावर. रस्ता जाम. तसं हिच्या रक्ताचं झालं. अन् गोडाऊनवालाच नाही तं माल पुरला, आता पाठवू नका, असं सांगन कोण?"

कामिनी म्हणाली, "मी कुलूप लावत होती, ताई."

रोशनी मात्र वेगळ्याच विचारात होती. तिनं विचारलं, "माह्यातच काहून?" गोपिकानं आईवडिलांच्या नात्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सांगितलं, की दोघांकडून तीच एक चूक पोरीत एकत्र आली. पण मग धाकट्या भावात का नाही आली, असं रोशनीनं विचारलं. चारात एकाला येते, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. ती एक रोशनीच काहून, ते पुस्तकात नव्हतं.

रक्ताचा नमुना बाहेरगावी मोठ्या प्रयोगशाळेत गेला आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांचा अंदाज खरा ठरवून आला. तो निरोपाचा हॉर्मोन आता इंजेक्शनच्या रूपात बनतो, पण तो इथे सहज मिळण्यासारखा नाही, असं डॉ. हरणेंनी स्पष्ट सांगितलं. तोवर जे हाताशी आहे ते करायचं: तेल जवळजवळ नाही, साखर-गूळ बंद, चार वेळा थोडं थोडं, चरबी उतरवणारी गोळी आणि इन्सुलिन. दर महिन्याला रोशनी यायची आणि गोपिकाच तिचं रक्त काढायची. एकवीसशेचे बाराशे झाले, मग सहाशे दहा. दिवाळीनंतरच्या नळीत सीरम गढूळ होतं, ताकाच्या निवळीसारखं, पण पलीकडचं बोट दिसत होतं. भूक तेवढीच होती. फरक इतकाच, की आता रोशनीला त्या भुकेचं कारण माहीत होतं. तिनं एकदा सांगितलं, की भूक लागली की मी मनात म्हणते, दुष्काळ नाही पडला, खोटी खबर आहे. त्यानं भूक जात नाही, पण रडू येत नाही.

या सगळ्यात गोपिकाचं वजन उतरलं नाही. जिन्यावर ती अजूनही थांबते. पोटावरच्या वळकटीला शिव्या घालणं मात्र तिनं बंद केलं, आणि स्वतःची साखर आणि लिव्हरही तपासून घेतलं, कारण डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, की साठवण प्रमाणाबाहेर भरली तर माल शेवटी रस्त्यावरच येतो.

डिसेंबरात कामिनीनं तिला उमरेडला जेवायला बोलावलं. गोपिका गेली, तर ओसरीवर गल्लीतल्या आठ-दहा बाया जमलेल्या. एकीनं विचारलं, मी एवढंसं खाते तरी का सुटते? दुसरी म्हणाली, बाळंतपणात आलेली चरबी जात का नाही? जेवढं ठाऊक होतं तेवढं गोपिकानं सांगितलं. बाकीचं विचारून सांगते म्हणाली. शेवटी तुळसाबाई नावाची सत्तरीची, काटकुळी म्हातारी पुढे सरकली. तिला तरुणपणी टायफाइड झाला होता. अकरा दिवस नुसत्या पाण्यावर काढले. तेव्हापासून एक प्रश्न तिच्या मनात होता, पण विचारायला कुणी भेटलं नव्हतं.

"मंग अकरा दिवस जगली कशी मी?"

"अंगात साठवलेलं होतं ते खाल्लं तुमी," गोपिका म्हणाली.

तुळसाबाईनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. "म्हंजे तवा मी माह्याच घरचं जेवून राहिली होती," ती म्हणाली, आणि बाया हसल्या.

रोशनी हसली नाही. दारातून तिनं विचारलं, "अन् मले टायफाइड झाला तं?"

गोपिकाला खोटं सांगता आलं असतं. ती म्हणाली, की तुझ्यापाशी साठा नाही, तेव्हा तापातसुद्धा तुला उपाशी राहता येणार नाही. घोट घोट का होईना, देत राहावं लागेल, आणि वेळ न घालवता नागपूरला आणावं लागेल. मला एवढंच समजतं. पक्कं डॉक्टरांना विचारते. रोशनीनं मान डोलावली आणि ताटं मांडायला आत गेली. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या गोपिकानं डॉ. हरणेंना मेसेज लिहायला घेतला. लिहिता लिहिता एकाचे चार प्रश्न झाले, आणि पाचवा सुचत असतानाच गाडी सुटली.